आराम म्हणजे बाग : विहाराच्या अंगणाचा विसरलेला इतिहास

बंगलेवाल्यांच्या जगात सध्या 'हीलिंग गार्डन'चे खूळ जोरात आहे. दगडी बुद्धाचे नुसते डोके, भोवती पांढरे खडे, बाजूला बांबू, पाणी खेळवणारा छोटा पंप. नर्सरीवाला हे सगळे पॅकेजमध्ये लावून देतो. हे पाहून आमचे काही कार्यकर्ते मित्र चिडतात आणि बागेचा विषयच 'सवर्णांचे चोचले' म्हणून मोडीत काढतात. त्यांची चीड रास्त आहे, पण निष्कर्ष चुकतो. मन आणि शरीर सावरण्यासाठी विचारपूर्वक निवडलेली, राखलेली बाग ही या देशात बुद्धाच्या संघाने रुजवलेली गोष्ट आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. मराठीतला विश्रांतीचा 'आराम' फारसीतून आला असे कोशकार सांगतात. पालीतला 'आराम' मात्र बाग आहे. संघाराम म्हणजे संघाची बाग. भिक्षूंच्या निवासाची ओळखच बागेवरून झाली : वेळुवन, जेतवन, जीवकाचे आम्रवन, वैशालीच्या आम्रपालीने दिलेली आमराई. आम्रपाली गणिका होती आणि जीवक गणिकेच्या पोटी जन्मून उकिरड्यावर टाकला गेलेला मुलगा होता. पुढे तोच बिंबिसाराचा आणि संघाचा वैद्य झाला.

वेळुवनाची निवड कशी झाली, हे विनयपिटकातल्या महावग्गात आहे. भगवंतांना राहायला जागा कुठली द्यावी, याचा विचार बिंबिसार करतो. जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको. जायला-यायला सोयीची हवी, ज्याला भेटायचे आहे त्याला पोचता यावे. दिवसा गर्दी कमी, रात्री आवाज कमी, एकांताला योग्य. आजचा कुठलाही वास्तुविशारद यात फारशी भर घालू शकणार नाही. यातली 'पोचता यावे' ही अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकांत हवा, पण कुंपण घालून लोकांना बाहेर ठेवणारा नको.

अशा आरामात काय असे? चुल्लवग्गात चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालत ध्यान करण्याच्या वाटेची तपशीलवार चर्चा आहे. वाट सपाट करा, जोते उंच घ्या, कोणी पडू नये म्हणून कठडा बांधा, ऊन-पावसासाठी वर छप्पर करा. चंक्रमणाचे फायदे अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत. त्यात आजार कमी होणे आणि खाल्लेले पचणे हेही आहे. मनाचे आरोग्य शरीरापासून तोडलेले नाही.

एक अवघड प्रश्न इथेच विचारला पाहिजे. भिक्षूंना झाडे तोडण्याची मनाई होती, मग बागेत राबत कोण होते? 'आरामिक' नावाचे सेवक. पिलिंदवच्छ या भिक्षूसाठी बिंबिसाराने पाचशे आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले, असे विनयातच लिहिले आहे. ते दास होते की सेवक, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्या परंपरेलाही हा प्रश्न विचारायला आपण कचरू नये.

अशोकाने ही कल्पना संघाबाहेर, रस्त्यावर आणली. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सा, औषधी वनस्पती, मुळे आणि फळझाडे जिथे नसतील तिथे आणून लावणे, विहिरी खोदणे, हे सगळे एका दमात येते. अलाहाबादच्या स्तंभावर राणी कारुवाकीच्या दानाची नोंद आहे. त्यात आमराई आणि आराम हे दोन्ही शब्द आहेत. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतही असा पुरावा आहे. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी 20 निवर्तने आणि वडांसाठी 9 निवर्तने जमीन ठेव म्हणून दिली, असे तिथला लेख सांगतो. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. ही ठेव श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे होती. झाडे लावून फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावे : आधी देखभालीची तजवीज, मग झाड.

नंतर काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणीच मिळू दिले नाही, तिथे बाग कुठून फुलणार? चवदार तळ्याचा 1927 चा लढा तहानेचा आणि माणुसकीचा होताच, पण पाण्यावरचा हक्क म्हणजे दारात एक झाड जगवण्याचाही हक्क.

आणि 1917 चे बडोदे. पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने बाबासाहेबांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आसरा देण्याचे टाळले. मुंबईच्या गाडीला वेळ होता. ते तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले. सुन्न मन, झाल्या प्रकाराचे दुःख, आई-वडिलांची आठवण, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या दिवशी त्या शहरात त्यांना कुणी हटकले नाही अशी जागा एक सार्वजनिक बाग होती. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. त्यातला 'वन' हा शब्द आम्ही वेळुवन-जेतवनाच्या ओळीतच वाचतो.

आता आपल्या विहारांकडे बघा. आम्ही काम करतो त्या वस्त्यांत, नव्या बांधकामाचा निधी आला की पहिला खर्च पेव्हर ब्लॉकवर होतो. अंगणभर फरशी, मध्ये झेंड्याचा खांब, उन्हात तापलेले पत्रे. दिवसभर राबून आलेली बाई, स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला पोरगा, मोर्चे आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांनी थकलेला कार्यकर्ता यांनी बसायचे कुठे? 'आधी लढा, मग झाडे' असे म्हणणारे हे विसरतात की आजारी भिक्षूची घाण बुद्धाने स्वतःच्या हातांनी धुतली होती आणि संघाला शुश्रूषेची जबाबदारी दिली होती.

म्हणून विहार समित्यांना आमची सूचना साधी आहे. अंगणाच्या एका कडेचे ब्लॉक उखडा. भिंतीलगत पिंपळ लावू नका, मुळे पाया फोडतात. तो मोकळ्या मैदानात लावा. इथे करंज, कडुलिंब, अडुळसा, तुळस चालेल. चालायला वीस-पंचवीस पावलांची सपाट वाट ठेवा, वृद्धांसाठी एका बाजूने कठडा. पाणी कोण घालणार याची पाळी लावा आणि त्या यादीत समितीच्या अध्यक्षांचे नाव पहिले असू द्या. फाटकाला कुलूप किती वाजता लागते, तेही पुढच्या बैठकीत विचारा.