कंस उडवले आणि...

गेल्या शनिवारी एक आगाऊपणा केला. आमच्या ग्रुपने पाहिलेल्या पक्ष्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आहे. शास्त्रीय नावांपुढे कुठे नुसतं 'लिनियस, १७५८', तर कुठे तेच कंसात. म्हटलं टायपिंगचा गोंधळ दिसतोय! फाइंड-रिप्लेस मारून सगळे कंस उडवले.

नंतर वाचताना कळलं, की मी इतिहासच पुसला होता.

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावं दिली. आधी जीनस, मग स्पीशीज. आडनाव आणि नाव म्हणा ना. मोर तेव्हाही 'पावो' होता, आजही आहे. म्हणून कंस नाही. चिमणीला त्याने 'फ्रिंजिला'त टाकलं होतं, ती पुढे 'पॅसर'मध्ये गेली. म्हणून कंस! म्हणजे नाव ठेवणारा तोच, जीनस मात्र नंतर बदलला. चक्क व्हर्जन कंट्रोल. काही जण लिनियसचा नुसता 'एल.' करतात.

जीनसचंही आद्याक्षर होतं. 'पी. क्रिस्टाटस' म्हणजे मोर ना? पण ग्रेट क्रेस्टेड ग्रेबसुद्धा 'पोडिसेप्स क्रिस्टाटस'! म्हणून आधी एकदा पूर्ण नाव लिहायचं, मग आद्याक्षर.

आता आपला रानपिंगळा. कुठे 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी ह्यूम, १८७३', तर कुठे 'अथीनी ब्लेविटी (ह्यूम, १८७३)'. हा ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ए. ओ. ह्यूम. याचा जीनस स्वतंत्र, की साध्या पिंगळ्याचाच, हा अख्खा वाद त्या कंसात आहे.

एवढ्याशा नोंदीने काय फरक पडतो? मग हे ऐका. रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा, खानदेशातला. पण मायनर्ट्झहागन नावाच्या गृहस्थाने चोरलेल्या नमुन्यावर 'गुजरात, १९१४' असं खोटं लेबल लावलं. त्या पत्त्यावर शोध झाला, हाती काहीच लागलं नाही. पामेला रासमुसेन यांनी ते लेबल बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदी धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

असो. बॅकअप होता म्हणून वाचलो. रविवारी बसून सगळे कंस परत आणले.