एर्मीटची विस्मृत टीप आणि अपूर्णांकी समाकलन

गणितातील सिद्धांतांना व्यक्तींची नावे देण्याची प्रथा जुनी आहे. परंतु ज्याचे नाव लागले तोच सिद्धांताचा जनक, असे मात्र नेहमी नसते. बहिर्वक्र फलनांच्या अभ्यासात आज 'एर्मीट-आदामार असमानता' या जोडनावाने जी असमानता ओळखली जाते, तिच्या नावातील पहिला अर्धा भाग तिला जवळजवळ शंभर वर्षांनी परत मिळाला. तिच्या अपूर्णांकी रूपांवर गेल्या काही वर्षांत शेकडो शोधनिबंध निघाले आहेत. अशा वेळी तिचा पूर्ववृत्तांत नीट पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम असमानता कोणती ते पाहू. दोन खांबांना सैल बांधलेली दोरी डोळ्यांपुढे आणावी. तिच्यावरील कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा दोरीच्या खाली कधीच जात नाही. ज्या फलनाचा आलेख असा असतो त्यास बहिर्वक्र म्हणतात. अशा फलनाची क पासून ख पर्यंतची सरासरी, म्हणजे समाकलाला अंतराने भागून येणारी किंमत, मध्यबिंदूवरील किमतीहून कमी नसते आणि दोन्ही टोकांवरील किमतींच्या मध्यमानाहून अधिक नसते. विधान एवढेच. शाळेतील हुशार विद्यार्थ्यालाही ते आकृतीवरून पटेल.

शार्ल एर्मीट याने ते २२ नोव्हेंबर १८८१ रोजी एका पत्राने 'मॅथेसिस' या मासिकाकडे पाठविले. हे मासिक मान्स्याँ आणि न्यूबेर्ग यांनी त्याच वर्षी बेल्जियममधील घेंट येथे सुरू केले होते, आणि ते प्रामुख्याने माध्यमिक व विशेष शाळांतील अध्यापकांसाठी होते. ज्याने १८७३ मध्ये 'ई' ही संख्या बीजातीत असल्याचे सिद्ध केले, त्याने शिक्षकांच्या मासिकास अशी छोटी टीप धाडावी, हे त्या काळच्या विद्याव्यवहाराचे एक सुंदर लक्षण आहे. पत्रातील मजकूर १८८३ मध्ये, तिसऱ्या खंडात, छापला गेला. एर्मीटने उदाहरण घेतले ते एक भागिले (१ + क्ष) या फलनाचे. त्यावरून (१ + क्ष) चा नैसर्गिक लॉगॅरिथम दोन सोप्या परिमेय राशींच्या मध्ये सापडतो. क्ष ची किंमत १ घेतली तर २ चा लॉगॅरिथम २/३ आणि ३/४ यांच्या दरम्यान येतो. खरी किंमत सुमारे ०.६९३१ आहे. एका ओळीच्या हिशेबाला हे फळ कमी नव्हे.

पुढे मात्र या टिपेवर विस्मृतीचा पडदा पडला. गणितातील नव्या लेखनाची नोंद घेणाऱ्या जर्मन वार्षिकात तिचा उल्लेख आला नाही. एर्मीटच्या मृत्यूनंतर पिकार याने त्याचे समग्र लेखन संपादिले, त्यातही तिला स्थान मिळाले नाही. १८९३ मध्ये झाक आदामार याने पूर्ण फलनांवरील आपल्या प्रसिद्ध प्रबंधात, रीमानच्या एका फलनाचा विचार करीत असता, या असमानतेची डावी बाजू वाटेत सिद्ध केली. त्याला तिचा उपयोग हवा होता, मोठेपणा नको होता. 'बहिर्वक्र फलन' ही संज्ञाच १९०५-०६ मध्ये येन्सेनमुळे रूढ झाली. हा येन्सेन कोपनहेगनमधील टेलिफोन कंपनीत अभियंता होता आणि गणित फावल्या वेळात करीत असे! १९४८ मध्ये बेकनबाख याने बहिर्वक्र फलनांचा आढावा घेतला, तेव्हा या असमानतेचे श्रेय त्याने आदामारला दिले, आणि तोच पाठ सर्वत्र चालू राहिला. १९७४ मध्ये बेलग्रेडच्या मित्रिनोविच याला 'मॅथेसिस'च्या जुन्या खंडात ती टीप आढळली. १९८५ मध्ये त्याने लात्स्कोविच याच्यासह ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे एर्मीटचे नाव परत आले.

आता दुसरा प्रवाह. अवकलन किंवा समाकलन एकदा, दोनदा, तीनदा करता येते. मग अर्ध्या वेळा का करता येऊ नये? प्रश्न ऐकण्यास विचित्र वाटतो, पण लायप्निट्सने ३० सप्टेंबर १६९५ च्या पत्रात लोपितालला लिहिताना तो गंभीरपणे घेतला होता. या विरोधाभासातून पुढे काही उपयुक्त निष्पन्न होईल, अशी आशाही त्याने व्यक्त केली. ती प्रथम फळास आणली आबेलने, १८२३ मध्ये. उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूस लागणारा वेळ ठाऊक असता उताराचा आकार कोणता, या कोड्यात त्याला जो समाकल भेटला तो नेमका अर्ध्या कोटीचा होता. १८३२ पासून ल्यूव्हीलने या विषयाची घडी बसविली. रीमानने विद्यार्थिदशेत, १८४७ मध्ये, केलेले टिपण त्याच्या पश्चात १८७६ साली प्रकाशित झाले. म्हणून आजच्या व्याख्येस रीमान-ल्यूव्हील हे नाव आहे. तिचे मर्म असे: समाकल घेताना प्रत्येक बिंदूवरील किमतीस, तो बिंदू टोकापासून किती दूर आहे त्याप्रमाणे, भार द्यावयाचा. हा भार अंतराचा घात असतो, आणि घातांक कोटीहून एकने कमी असतो. कोटी १ असली की भार सर्वत्र सारखा होतो आणि नेहमीचे समाकलन परत येते.

भार एकाच टोकाकडे कलला तर मध्यबिंदूचे महत्त्व उरत नाही आणि एर्मीटची असमानता मोडते. २०१३ मध्ये सारिकाया व त्याचे तुर्की सहकारी यांनी यावर साधा तोडगा काढला. एक अपूर्णांकी समाकल डावीकडून घ्यावा, दुसरा उजवीकडून, आणि दोहोंची बेरीज करावी. मग असमानता पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. उदाहरण घेऊ. ० ते १ या अंतरात क्ष चा वर्ग हे फलन आणि कोटी अर्धी घेतली, तर ही भारित सरासरी ११/३० येते. मध्यबिंदूवर १/४, टोकांचे मध्यमान १/२, आणि साध्या समाकलाने येणारी सरासरी १/३. टोकांकडे भार वाढला म्हणून सरासरी वर सरकली. कोटी २ घेतली तर गंमत होते: दोन्ही भारांची बेरीज सर्वत्र सारखी होते आणि उत्तर पुन्हा १/३ येते.

या निबंधाचे फार कौतुक झाले आणि त्याच्या मागे नकलांची रांग लागली. परंतु येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. लिपोट फेयेर याने १९०६ मध्येच दाखविले होते की, मध्यबिंदूभोवती सममित असा कोणताही ऋणेतर भार दिला तरी एर्मीटची असमानता टिकते. सारिकाया यांची बेरीज हा तसाच एक सममित भार आहे. कोटी १ हून लहान असता तो टोकांशी अनंत होतो, तरी त्याचा समाकल सांत राहतो, आणि फेयेरचा युक्तिवाद अबाधित चालतो. म्हणजे २०१३ चा मुख्य सिद्धांत १९०६ च्या सिद्धांताच्या पोटातच होता. एर्मीटला जे भोगावे लागले त्याची सौम्य पुनरावृत्ती फेयेरच्या वाट्यास आली, असे आम्ही म्हणू. फरक इतकाच की फेयेरचे नाव सर्वांस ठाऊक होते. वाचले मात्र थोड्यांनी. नव्या व्याख्येचा भार सममित आहे की नाही, हे प्रथम तपासले असते तर पुढील कित्येक निबंधांची शाई वाचली असती.

तथापि त्या निबंधाचा दुसरा भाग फेयेरमधून निघत नाही आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. टोकांच्या मध्यमानाने सरासरी मोजल्यास चूक किती पडते, याची मर्यादा त्यात अवकलजाच्या निरपेक्ष किमतीवरून दिली आहे, अर्थात ती किंमतही बहिर्वक्र असेल तर. कोटी १ केली की ड्रॅगोमिर आणि रवी अगरवाल यांनी १९९८ मध्ये दिलेली मर्यादा हाती येते. समलंब चौकोनांनी क्षेत्रफळ काढणाऱ्यास ही मर्यादा प्रत्यक्ष उपयोगाची आहे.

या इतिहासात मराठवाड्याचाही एक धागा आहे. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठातील बी. जी. पाचपट्टे यांनी समाकल असमानतांवर आयुष्यभर काम केले; १९९८ आणि २००५ मधील त्यांचे ग्रंथ जगभर वापरले जातात. २००३ मध्ये त्यांनी दोन ऋणेतर बहिर्वक्र फलनांच्या गुणाकाराची सरासरी मोजली. प्रत्येक टोकावरील दोन्ही किमतींचे गुणाकार करून बेरीज घ्यावी आणि तिचा १/३ भाग काढावा. आडव्या गुणाकारांची, म्हणजे एका फलनाची एका टोकाची किंमत गुणिले दुसऱ्याची दुसऱ्या टोकाची, बेरीज करून तिचा १/६ भाग त्यात मिळवावा. गुणाकाराची सरासरी या रकमेपलीकडे जात नाही. 'पाचपट्टे-प्रकारची असमानता' हे शब्द आता परदेशी निबंधांच्या शीर्षकांत आढळतात, आणि त्यांत अपूर्णांकी समाकलनही आले आहे. कोटी अर्धी घेऊन दोन्ही टोकांचे भार मिळविले, तर १/३ च्या जागी ११/३० आणि १/६ च्या जागी २/१५ येतात. पहिला आकडा वर वर्गाच्या उदाहरणात आला होता तोच आहे.