आगीने राखलेले पाइनवन

अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, एके काळी सुमारे 3.6 कोटी हेक्टरांवर लाँगलीफ पाइनची वने होती. विजेने पेटलेली किंवा मूळ रहिवाशांनी लावलेली आग दर काही वर्षांनी त्यांतून जमिनीलगत सरकत जाई. या झाडाची घडणच आगीला साजेशी आहे. रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे राहते आणि लांब सुयांच्या आत त्याचा कोंब बचावतो. मोठ्या झाडाला जाड साल जपते. जळतात त्या खाली पडलेल्या सुया, वाळके गवत, झुडपे. हे जळण वर्षानुवर्षे साचले तर पुढचा वणवा थेट शेंड्याला भिडतो.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनीही गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस रान जाळण्याची रीत चालू ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वनाधिकाऱ्यांना मात्र हा निव्वळ अडाणीपणा वाटला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस खेडोपाडी चित्रपटांच्या गाड्या फिरवून आगीविरुद्ध प्रचार झाला.

येल विद्यापीठाचे एच. एच. चॅपमन यांनी 1926 मध्येच लुइझियानातील निरीक्षणांवरून लाँगलीफच्या वाढीला आगीची गरज असते, असे मांडले होते. पण चक्रे फिरली ती एका पक्ष्यामुळे. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवर धनिकांच्या शिकारीच्या इस्टेटी होत्या. तेथे बॉबव्हाइट हा लाव्यासारखा पक्षी कमी झाला, म्हणून 1924 मध्ये त्यांच्याच पैशातून हर्बर्ट स्टॉडर्ड यांचा अभ्यास सुरू झाला. आग बंद झाली की झुडपे माजतात आणि पक्ष्याचे रान संपते, हा त्यांचा निष्कर्ष 1931 च्या ग्रंथात आला. त्यातले आगीचे प्रकरण अमेरिकेच्या सरकारी वनसेवेच्या विरोधामुळे त्यांना पुन्हा पुन्हा लिहावे लागले. गुराख्यांचे म्हणणे कोणी कानावर घेतले नव्हते. शिकारी जमीनदारांचे घ्यावे लागले.

1943 मध्ये वनसेवेने दक्षिणेतील राष्ट्रीय वनांत अशी आग मुद्दाम, नियंत्रणात ठेवून लावायला परवानगी दिली. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी वणवे टाळा म्हणून सांगणारे स्मोकी अस्वल तिच्या भिंतीपत्रकांवर झळकले.

पद्धत शिस्तीची आहे. जाळण्यापूर्वी वाऱ्याची दिशा व वेग, हवेतील दमटपणा, सुयांचा ओलावा यांच्या मर्यादा लेखी ठरतात. जाळरेषा आखून आग बहुधा वाऱ्याच्या उलट दिशेने लावतात; त्यामुळे ज्वाळा बुटक्या राहतात आणि आग सावकाश सरकते.

1958 मध्ये फ्लोरिडातील टॅलाहासीजवळ टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र उभे राहिले, तर 1962 पासून तेथील अग्निपरिषदा सुरू झाल्या. तरी धूर आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती उरलीच. फ्लोरिडाने 1990 मध्ये कायदा करून रान नियमानुसार जाळणे हा जमीनमालकाचा हक्क मानला.