कापायचं किती?

साल १७७५. तुम्ही लंडनमध्ये आहात आणि धुराडी साफ करणं हा तुमचा धंदा आहे. अगदी लहान असताना मालकानं तुम्हाला पहिल्यांदा धुराड्यात चढवलं. भोक इतकं अरुंद, की अंगावरचे कपडे अडकतात, म्हणून पुष्कळदा उघड्यानंच चढायचं. काजळी घामात मिसळून कातडीच्या वळ्यांमध्ये बसते आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहते. आता तुमची तिशी उलटली आहे. अंडकोशाच्या खालच्या बाजूला एक खरबरीत, दुखरा फोड झाला आहे. त्याचे काठ कडक आहेत, वर आलेले आहेत. तुमच्या धंद्यातली माणसं त्याला काजळीची चामखीळ म्हणतात. वैद्यानं गुप्तरोग समजून पारा दिला. त्यानं तोंड आलं, फोड तसाच राहिला.

शेवटी तुम्ही सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पर्सिव्हल पॉट यांच्यासमोर आडवे झाला आहात. पॉट यांनी तुमच्यासारखे अनेक पाहिले आहेत. हा गुप्तरोग नव्हे, काजळीनं झालेला कर्करोग आहे, हे त्यांनी याच वर्षी छापून सांगितलं. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचं हे पहिलं वर्णन मानलं जातं. त्यांचा सल्ला सरळ आहे : आजच कापून टाका. रोग वृषणापर्यंत आणि जांघेतल्या गाठींपर्यंत चढला की सुरीचा उपयोग नाही.

ईथरची भूल यायला अजून ७१ वर्षं आहेत. मदतनीस तुमचे हातपाय दाबून धरतात. पॉट यांच्याकडे सुरी आहे, डोळे आहेत आणि बोटं आहेत. बोटाला जिथवर कडक लागतं तिथवर रोग, असं धरून चालायचं. त्याच्या पलीकडे मऊ, निरोगी दिसणाऱ्या कातडीत रोगाच्या चार पेशी शिरल्या असतील, तर ते त्यांना कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. कळेल ते वर्षभरानं, त्याच जागी पुन्हा फोड उठल्यावर.

त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : कापायचं किती?

कमी कापलं तर रोग उरतो. मग जास्त कापावं? त्यासाठी १९०७ सालात या. लंडन तेच, पण आता तुमच्या दंडावरचा काळा तीळ पसरू लागला आहे. तुमच्या सर्जननं सॅम्पसन हँडली यांचं व्याख्यान ऐकलं आहे. मेलॅनोमानं, म्हणजे अशाच काळ्या तिळाच्या कर्करोगानं, मेलेल्या एका बाईचं शवविच्छेदन करून हँडली यांनी मत मांडलं, की तिळाभोवतीची कातडी आणि तिच्याखालचे थर दूरवर काढावेत. एका देहावरून निघालेल्या या मताचा पुढे दंडक झाला. चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर कातडी काढायची आणि मांडीची कातडी सोलून तिथं लावायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पातळ मेलॅनोमाला भोवतालची एक सेंटिमीटर कातडी काढली काय आणि तीन काढली काय, रुग्णाच्या आयुष्यात फरक पडत नाही, हे सर्जन उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून दाखवलं तेव्हा १९८८ साल उजाडलं होतं. दंडावर खड्डा घेऊन जगलेल्या माणसांची संख्या कुणी मोजलेली नाही.

आता अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी उतरा. १९४० च्या दशकातली थंडी. तुम्ही आयुष्यभर उन्हात राबलेले गोरे शेतकरी आहात. तुमच्या नाकपुडीवर मोत्यासारखी चकाकणारी कड असलेला व्रण आहे. याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. तो दूरवर क्वचितच पसरतो, पण नाक, पापणी, कान जागच्या जागी खात जातो. तुमचा एकदा कापून झाला, तरी परत आला. समोर फ्रेडरिक मोज नावाचे तरुण डॉक्टर आहेत.

मोज विद्यार्थी असताना उंदरांच्या गाठींमध्ये वेगवेगळी रसायनं टोचून पाहत होते. झिंक क्लोराइडच्या द्रावणानं गाठ मेली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना जशीच्या तशी टिकलेली दिसली. दुसरा कुणी ही नोंद करून पुढं गेला असता. मोज यांच्या डोक्यात आलं, की ऊतक अंगावर असतानाच असं पक्कं करता आलं, तर ते थराथरानं कापून प्रत्येक थर तपासता येईल. १९३६ पासून ते ही पद्धत रुग्णांवर वापरू लागले.

ते तुमच्या व्रणावर आधी एक आम्ल लावतात आणि मग काळपट मलम. त्यात झिंक क्लोराइड आहे, अँटिमनीच्या खनिजाची पूड आहे आणि ब्लडरूट या अमेरिकी वनस्पतीची भुकटी आहे. वर पट्टी. रात्र वाईट जाते. नाक आतून जळतं, गोळ्या घेऊनही झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मोज सुरी तिरकी धरून मेलेला थर उचलतात, तेव्हा रक्त येत नाही आणि दुखतही नाही. थराच्या कडांना लाल-निळा रंग लावून ते कागदावर तुमच्या नाकाचा नकाशा काढतात. कुठला रंग नाकाच्या शेंड्याकडे, कुठला गालाकडे, सगळं टिपून ठेवतात.

खरी युक्ती यानंतरची. एरवी कापलेला तुकडा प्रयोगशाळेत पावाच्या स्लाइससारखा उभा चिरतात आणि त्यातल्या मोजक्या स्लाइस पाहतात. दोन स्लाइसच्या मध्ये रोगाची मुळी काठापर्यंत गेली असेल, तर ती कुणाला दिसत नाही. मोज यांनी तुकडा दाबून सपाट केला, त्याच्या वर आलेल्या कडा तळाच्या पातळीत आणल्या आणि खालच्या बाजूनं आडवा पापुद्रा काढला. आता संपूर्ण तळ आणि संपूर्ण काठ एकाच काचेवर आले. कडेचा कुठलाही भाग बघायचा राहिला नाही. नकाशावर गालाच्या बाजूला एका जागी ते लाल खूण करतात. रोग तिथंच उरला आहे. मलम पुन्हा लागतं, पण तेवढ्याच जागेवर. चौथ्या दिवशी काच स्वच्छ निघते आणि मोज थांबतात.

१९५३ साली पापणीवरच्या एका शस्त्रक्रियेचं चित्रीकरण चालू असताना वेळ वाचवण्यासाठी मोज यांनी मलम वगळलं. जागा बधिर केली, ताजा तुकडा कापला, गोठवून पाहिला आणि काम भागलं. आज जगभर हीच रीत आहे. सकाळी येऊन बसायचं, एक थर काढला की तास-दीड तास थांबायचं, काच स्वच्छ निघाली की संपलं. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कार्सिनोमात पाच वर्षांनंतरही रोग न परतण्याचं प्रमाण या पद्धतीनं सुमारे ९९ टक्के असतं. ताज्या ऊतकाचं तंत्र सोयीचं आहे हे खरं, पण माझ्या मते मोठी गोष्ट १९३६ ची. किती कापायचं ते रोगालाच विचारायचं, सर्जनच्या भीतीला किंवा अंदाजाला नव्हे, हे तेव्हा ठरलं.

रोग गेला तरी नाकाला भोक पडलं आहे. ते बुजवण्यासाठी तुम्हाला पुण्याला यावं लागेल.

साल १७९३ च्या आसपासचं. पुण्याजवळ एका अंगणात कावसजी नावाचा मराठा शेतकरी उताणा पडला आहे. टिपूविरुद्धच्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक कापलं आणि एक हातही तोडला. वर्षभर तो नाकाविना जगला. त्याच्या उशाशी बसला आहे विटा करणाऱ्या जातीतला एक माणूस. तुम्ही जवळ बसा, नीट पाहा.

तो मेणाचा पातळ पत्रा करून कावसजीच्या उरलेल्या नाकावर बसवतो. मग तो पत्रा काढून सपाट करतो, कपाळावर ठेवतो आणि त्याच्या कडेनं रेघ ओढतो. कपाळाची तेवढी कातडी तो खालून सोडवतो, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवतो. जुन्या नाकाच्या वाळलेल्या कडा खरवडून ताज्या करतो, तिथं खाच पाडतो. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणतो आणि तिच्या कडा खाचेत बसवतो. टाका एकही नाही. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून त्या एकावर एक पाच-सहा चिकटवतो. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेली कापडं. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची.

ती पट्टी म्हणजे सगळ्याचा प्राण. तिच्यातून रक्त खाली येतं, म्हणून नवं नाक जगतं. तीन आठवड्यांत नाकाच्या कडांमधून नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि मग पट्टी सोडवली तरी चालते. त्या माणसाला धमनीचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ती कुठं असते हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

कावसजीचं चित्र जेम्स वेल्स यांनी काढलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकिकत छापून आली. ती वाचून सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्याला नाक दिलं. तिथून ही शस्त्रक्रिया जगभर गेली. आज नाकावरचा कर्करोग काढून मोठं भोक पडलं, की कपाळाच्या कातडीचा असाच देठासकट तुकडा, म्हणजे फ्लॅप, घेतात आणि साधारण तीन आठवड्यांनी त्याचा देठ कापतात. कार्प्यू यांचं नाव पुस्तकांत आहे, वेल्स यांचं चित्राखाली आहे. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आम्ही मराठी लोकांनीही नाही, आणि हे मला अजून सलतं.

आता दीडशे वर्षं पुढे या : १९४५, मुंबई, परळ. टाटा रुग्णालय सुरू होऊन चार वर्षं झाली आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकावर वाकले आहेत. काचेवर कंबरेच्या कातडीचा तुकडा आहे. खानोलकर आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाई यांनी त्या वर्षी भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कर्करोग होता. धोतर वर्षानुवर्षं कंबरेच्या एकाच रेषेत करकचून बांधलं जातं. तिथली कातडी आधी काळवंडते, मग पांढरी पडते, खपल्या धरते, चिरते, भरते, पुन्हा चिरते. कधी तरी ती भरायची थांबते. पॉट यांच्या रुग्णांना काजळीनं दिलं, ते इथं एका गाठीनं दिलं.

धोतरं कमी झाली, परकराची नाडी राहिली. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकिकत दिली. एकीच्या कुशीवरचा व्रण दीड वर्ष भरला नव्हता. दुसरी परकराविना लुगडं नेसणारी. तिनं चाळीस वर्षं गाठ कंबरेला एकाच जागी मारली होती, आणि निदान झालं तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत उतरला होता. अशा व्रणात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असतो आणि तो बेसल सेलपेक्षा पसरण्यात पुष्कळ पुढे असतो. जांघेत गाठ येण्याआधी व्रण काठासकट काढला तर काम बहुतेक वेळा सुरीवर भागतं. गाठ आल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते आणि खात्री कमी.

आता आजच्या दिवसात या. आपल्या घरातल्या आई, सासू, आजी कंबरेचं दुखणं सांगत नाहीत. लाज असते, आणि नाडीचा वळ म्हणजे काही आजार नव्हे असंही वाटतं. तुम्ही विचारा. नाडीच्या जागी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक घालून द्या, कातडी काळवंडली असेल तर गाठ रोज वर-खाली बांधायला सांगा. कंबरेवर, जुन्या भाजल्याच्या व्रणावर, नाकावर, तळपायावर कुठंही महिनाभरात न भरणारी जखम किंवा वाढत जाणारा काळा डाग दिसला, तर मलमं बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि बायोप्सी करायची का, हे स्वतःहून विचारा.