दुर्मुख संवत्सरांतील मुंबईकर

शके १८१८ च्या संवत्सराचें नांव दुर्मुख. साठ संवत्सरांच्या चक्रांत तें ज्या क्रमानें यावयाचें त्या क्रमानेंच आलें, व त्या वर्षीं घडलेल्या गोष्टींशीं त्याचा संबंध जोडण्यास कांहीं आधार नाहीं, तथापि इ. स. १८९६ च्या चैत्रापासून १८९७ च्या फाल्गुनापर्यंत मुंबईंत राहिलेल्या माणसास तें नांव वावगें वाटलें नसावें. त्या काळच्या प्लेगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा पुण्याच्या बाजूनें लिहिला जातो. ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या सुटल्या, त्या आवाजांत मुंबईचें आधींचें वर्ष कोणासच ऐकूं येत नाहींसें झालें आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, चाळींत राहून पायीं गिरणींत किंवा ट्रामनें कचेरीस जाणारा मुंबईकर त्या वर्षीं कशानें सुखावत होता, कशास भीत होता, आणि त्याची भीति कितपत खरी होती.

प्रथम पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण मुंबईकराच्या प्रकृतीची सर्व काळजी एका काळीं पाण्याभोंवतींच फिरत असे. विहारचें पाणी इ. स. १८६० त आलें. तत्पूर्वीं गांवांतील तळीं व विहिरी हाच आधार, आणि त्या पाण्याबरोबर नारू व पटकी हीं घरांत यावयाचींच. नारूचा तंतु काडीस गुंडाळून रोज थोडथोडा ओढीत बसलेला माणूस हें त्या पिढीस नित्याचें दृश्य होतें. पुढें १८७९ त तुळशीचें व १८९२ त तानशाचें पाणी आलें. नळाच्या पाण्यास प्रथम नाक मुरडणारे सोंवळे लोकही हळूहळू त्यास रुळले. परंतु पाणी आणणें व पाणी वाहून नेणें हीं दोन कामें निरनिराळीं आहेत, आणि म्युनिसिपालिटीनें पहिलें जितक्या तत्परतेनें केलें तितक्या तत्परतेनें दुसरें केलें नाहीं. तानशाचें विपुल पाणी मोऱ्यांतून जमिनींत मुरूं लागलें. प्लेग आला तेव्हां कित्येक जाणत्यांनीं त्याचें खापर या ओलीवरच फोडलें. तें निदान चुकीचें ठरलें, पण ओल खोटी नव्हती. १८९१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. मांडवीसारख्या भागांत खालीं धान्याचीं व मालाचीं वखारें, वर माणसांचीं बिऱ्हाडें, मधल्या खोल्यांस उजेड नाहीं, असा प्रकार होता.

अशा वस्तींत राहणाऱ्यास सुख कोठलें, असें वाचक विचारतील. सुख होतें, आणि तें बहुधा घराबाहेर होतें. खोली दहा हात लांबीची असली म्हणजे माणसास रस्ता, ओटा व गॅलरी याच दिवाणखान्याच्या जागीं येतात. रविवारीं भायखळ्यास राणीच्या बागेंत जावें, मलबार टेकडीवरील झुलत्या बागेंत बसून खालचा समुद्र पाहावा, सायंकाळीं चौपाटीची हवा खावी, यास पैसा लागत नसे. ट्राम १८७४ पासून चालू होती व अद्याप ती घोड्यांचीच होती. उन्हाळ्यांत त्या घोड्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत, हें पाहून कोंकणांतून नवीन आलेल्या माणसाची जी करमणूक होई तिचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालांत सांपडावयाचा नाहीं. तालीम, भजन, लेझीम, क्वचित् एखादें संगीत नाटक, पानतंबाखू, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीं नव्यानें सुरू झालेला सार्वजनिक गणपति, हीं निराळींच.

या वर्षीं त्यांत एका अपूर्व गोष्टीची भर पडली. ता. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसनच्या हॉटेलांत फ्रान्स देशांतील ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. दर एक रुपया; म्हणजे गिरणींतील मजुराची दोनएक दिवसांची कमाई. हॉटेलही साहेबलोकांचें. परंतु आठवड्याभरांत हाच खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत आला, व तेथें चार आण्यांचीही जागा ठेवली होती. पडद्यावर आगगाडी स्टेशनांत येते, कामकरी कारखान्यांतून बाहेर पडतात, हें ज्यांनीं चार आणे देऊन पाहिलें ते स्वतः रोज तसेच कारखान्यांतून बाहेर पडत होते. आपलेंच जिणें पाहण्यासाठीं माणूस पैसे देतो, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

गणपति बोळवून फार दिवस झाले नव्हते. ता. २३ सप्टेंबर रोजीं, ऐन पितृपंधरवड्यांत, डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनीं मांडवींत ग्रंथिक सन्निपाताचा रोग असल्याचें जाहीर केलें. ता. ६ आक्टोबरास म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं रोग्यांस घरांतून काढून इस्पितळांत नेण्याचा हुकूम काढला. गटारांत समुद्राचें पाणी व कारबॉलिक सोडण्यांत आलें, भिंतींस चुना फांसला, कौलें उतरून खोल्यांत ऊन घेतलें, आणि राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ हीं अक्षरें रंगविलीं. इंग्रजी न जाणणाऱ्यासही त्या तीन अक्षरांचा अर्थ फार लवकर समजला. त्यांतच पाऊस अवेळीं तुटल्यामुळें देशावर दुष्काळ पडला व धान्य महागलें.

दिवाळी आठवड्यावर आली असतां, ता. २९ आक्टोबर रोजीं, सुमारें हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. या प्रसंगाचें वर्णन करितांना सरकारी लेखक ‘अडाणी जमाव’ या पलीकडे जात नाहींत, व आपल्याकडील सुधारक मंडळींनींही पुष्कळ वेळां तोच शब्द उचलला आहे. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. इस्पितळांत नेलेला रोगी बहुधा परत येत नसे, हें लोक डोळ्यांनीं पाहत होते. तो मरणाच्या दारांत असतांनाच तेथें पोहोंचे हें त्याचें एक कारण होय, हें खरें. परंतु दारांत उभ्या असलेल्या बायकोस तो विवेक कोणीं समजावून सांगावा? शिवाय रोग कशानें होतो हें डॉक्टरांस तरी कोठें ठाऊक होतें? यर्सिन व कितासातो यांनीं जंतु १८९४ तच हाँगकाँगास पाहिला होता, पण तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, याचा उलगडा नव्हता. उंदरावरील पिसवेचें काम सिमाँ यांनीं कराचीस दाखविलें तें १८९८ त, व तेंही मान्य होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. म्हणजे ज्यांनीं हुकूम काढला ते व ज्यांनीं तो मोडला ते, रोगाच्या मुळाविषयीं सारखेच अंधारांत होते; भेद एवढाच कीं, एकाच्या हातीं शिपाई होता.

हल्ल्यानंतर कमिशनरांनीं हुकूम सौम्य केला. यांत भूतदयेचा भाग किती होता कोण जाणे. त्यांना खरा धाक होता तो हलालखोरांचा. शहरांतील पायखान्यांच्या टोपल्या उचलणारे हे लोक भिऊन गांव सोडते तर चार दिवसांत मुंबई राहण्यास अयोग्य झाली असती, व हें कमिशनरांस पुरतें कळत होतें. ज्यांची सावली टाळली जाई त्यांच्याच पायांवर शहराचें जिणें उभें होतें, हें एवढ्या स्पष्टपणें त्यापूर्वीं क्वचितच कोणाच्या ध्यानांत आलें असेल.

मग लोक निघाले. आगगाडीनें, बोटीनें, बैलगाडीनें, पायीं. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारें चार लक्ष माणसांनीं, म्हणजे जवळजवळ निम्म्या मुंबईनें, शहर सोडलें. या पळण्यासही भ्याडपणा म्हटलें गेलें. परंतु आजच्या ज्ञानानें पाहतां, उंदीर पडूं लागतांच घर सोडून मोकळ्यावर राहणें यासारखा शहाणपणाचा दुसरा उपाय त्या वेळीं नव्हता. हिमालयांतील गढवाल प्रांतीं खेडवळ लोक उंदीर मेले कीं गांव रिकामें करीत, ही गोष्ट त्यापूर्वीं अर्ध्या शतकापासून सरकारदप्तरीं नमूद होती. मात्र जाणारे आपल्याबरोबर रोगही नेत होते, हें विसरून चालावयाचें नाहीं. कोंकणच्या घरीं मुलाची वाट पाहणाऱ्या आईच्या वांट्यास काय आलें असेल तें सांगावयास नको.

जे राहिले त्यांत गिरणीकामगार पुष्कळ. हातांची इतकी वाण पडली कीं मालकांनीं महिन्याचा पगार थकवून ठेवण्याची आपली रीत गुंडाळून रोजच्या रोज मजुरी चुकती केली, व नाक्यानाक्यावर कामकऱ्यांसाठीं चढाओढ लागली. मजुराच्या हातीं त्याच्या श्रमाचा भाव प्रथमच आला तो मरणाच्या कृपेनें. ता. १० जानेवारीस हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत आपली लस स्वतःस टोंचून घेतली. ता. ४ फेब्रुवारीस सांथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा इ. स. २०२० च्या मार्चांत पुन्हां बाहेर काढावा लागला, तेव्हां वाचकांपैकीं अनेकांनीं त्याचा अनुभव स्वतः घेतला आहे. मार्चांत जनरल गॅटेकर यांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमली. तिनें एक गोष्ट शहाणपणाची केली: ज्या त्या जातीस आपआपलें इस्पितळ काढूं दिलें. आपल्या माणसांच्या हातचें पाणी मिळेल एवढ्या विश्वासावर जे लोक तेथें आपण होऊन गेले, तेच पूर्वीं शिपायापुढून लपत होते.

फाल्गुन संपून हेमलंब संवत्सर लागलें, पण रोग गेला नाहीं. पुढील हिंवाळ्यांत तो परत आला, व नंतर वर्षानुवर्षें येत राहिला. १९०१ च्या खानेसुमारींत वस्ती ७,७६,००६ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षां कमी. तरी त्याच वर्षांत, १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं विलायतेहून मागविलेला कॅमेरा झुलत्या बागेंत उभा करून दोन मल्लांची कुस्ती टिपली. प्लेग तेव्हांही शहरांत होता.