मूत्राशय, गुडघा, खांदा

रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्या मजुराचा हात एक दिवस वर जाईनासा होतो. काही वर्षांपूर्वी अशा दुखण्यासाठी नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागे. आता जळगाव-धुळ्यातही खांद्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. सेंटीमीटरभराच्या दोन-तीन चिरा, आत चार मिलिमीटर जाडीची नळी आणि समोर पडदा. ही दुर्बीण खांद्यासाठी जन्मलेली नाही. तिचं घराणं मूत्ररोगाचं.

१९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्यापुढे प्रश्न होता क्षयाने आखडणाऱ्या गुडघ्यांचा. जपानात घरात जमिनीवर बसायचं, त्यामुळे गुडघा वाकेना की माणूस घरच्यांच्या ओळीतूनच उठला. पंगतीला मांडी घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. खुर्च्यांच्या देशात हे शोधकार्य इतक्या चिकाटीने झालं असतं का, याची मला शंका आहे. डेन्मार्कच्या नॉर्डेनटॉफ्ट यांनी १९१२ मध्येच बर्लिनच्या परिषदेत गुडघ्यात डोकावायचं साधन मांडलं होतं, स्वित्झर्लंडच्या बिर्शर यांनी १९२१ मध्ये प्रयोग केले. पण वंश चालला तो ताकागींचा.

त्यांची १९२० ची पहिली खास दुर्बीण ७.३ मिलिमीटर जाड होती, सांध्याच्या मानाने भलतीच. शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती सुधारत सुधारत १९५८ च्या सुमारास एकविसावा नमुना काढला. त्याच्या टोकाला बारीक बल्ब असे, आणि तो आतच फुटायची धास्तीही असे. तरी ४ मे १९६२ रोजी वातानाबेंनी याच मार्गाने गुडघ्यातल्या गादीचा फाटका तुकडा काढला. १९६४ मध्ये कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत येऊन ही विद्या शिकले आणि ती पश्चिमेला गेली. बल्बचं संकट बाहेरून प्रकाश आत नेणाऱ्या काचतंतूंनी संपवलं. १९५४ मध्ये त्यांतून चित्र वाहून नेण्याचं तंत्र मांडणाऱ्यांपैकी एक होते पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी.

खांद्याची पाळी मात्र फार उशिरा आली. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या खांद्यांत डोकावून पाहिलं होतं, पण जिवंत खांद्यात रक्त वाहतं. गुडघ्याच्या वेळी मांडीला पट्टा आवळला की रक्त थांबतं. खांद्याला तो बांधणार कुठे? थोडं रक्त पाण्यात मिसळलं की पडदा लालभडक, पुढचं काही दिसत नाही. मग सलाइन दाबाने आत सोडायचं, भूलतज्ज्ञाने रक्तदाब थोडा खाली ठेवायचा, झिरपणाऱ्या वाहिन्या विजेने डागायच्या, अशी जुळणी होत गेली. हाडात रोवायचे धागेवाले खिळे आल्यावर सुटलेली कंडरा दुर्बिणीतूनच जागेवर बांधता येऊ लागली.

मराठी घरांत या ऑपरेशनची चर्चा झाली ती, माझ्या मते, सचिन तेंडुलकरमुळे. मार्च २००६ मध्ये लंडनला त्याच्या उजव्या खांद्यावर ते झालं, आणि सप्टेंबरात क्वालालंपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने नाबाद १४१ काढल्या.

दुर्बीण रुळली, तशी सगळ्याच खांद्यांत ती घालावी असं वाटू लागलं. खांद्यावरचं हाड तासून जागा मोकळी करायची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात हार्वर्ड एलमन यांनी दुर्बिणीवर आणली आणि ती जगभर फोफावली. २०१८ च्या 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं, की हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढलेले रुग्ण यांच्यात फरक पडत नाही. वारंवार निखळणारा खांदा किंवा अपघाताने फाटलेली कंडरा यांत दुर्बिणीचं काम पक्कं आहे. जखडलेला खांदा बहुधा व्यायामाने आणि इंजेक्शनने सुटतो, वेळ मात्र घेतो. तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी पन्नाशीतल्या मधुमेही बाईंना आधी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम लावला, तर त्यांना दुर्बीण येत नाही असं समजून थेट पुणं गाठू नये.