बंद हंगामात नौकेचे इंजीन : भोपाळच्या तलावापासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत

पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची रीत कोकण-गोव्यात जुनी आहे. झापांच्या आडोशाने लाकूड वाचते, इंजिनाचे मात्र तेवढ्याने भागत नाही. यंत्र चालून झिजते, तसेच ते नुसते उभे राहूनही बिघडते. त्यामुळे पुढील हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजीन सुरू होणार की नाही, हे बहुधा मागील हंगामाच्या शेवटच्या दिवशीच ठरलेले असते.

थंड देशांत हीच काळजी बर्फावरील स्कूटरची घ्यावी लागते. कॅनडातील बॉम्बार्डिए कंपनीने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही बर्फस्कूटर आणि १९६८ मध्ये ‘सी-डू’ ही जलस्कूटर बाजारात आणली. बर्फस्कूटर उन्हाळ्यात विसावते, तर गोव्यातील जलस्कूटर पावसाळ्यात. ऋतू वेगळे असले तरी इंधन, वंगण आणि बॅटरी यांचे नियम बहुतांशी सारखेच आहेत.

भोपाळच्या मोठ्या तलावाने या विषयाला आणखी एक बाजू दिली आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधल्याचे मानले जाणारे हे जलाशय शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवते. लहान तलावासह ते ‘भोज पाणथळ क्षेत्र’ म्हणून २००२ पासून रामसर यादीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथे क्रूझ व यांत्रिक बोटी चालवण्यास मनाई करणारा आदेश दिला. इंजिनातून गळणारे तेल व इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळते, ही त्यामागील मुख्य चिंता होती.

इंधन

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवते. यावर दोन उपाय आहेत. एक तर टाकी व कार्बोरेटर पूर्ण रिकामे करावे. किंवा टाकी जवळजवळ भरून त्यात इंधन टिकवणारे रसायन योग्य प्रमाणात मिसळावे आणि ते सर्व नळ्यांत पोहोचेपर्यंत इंजीन चालवावे. अर्धी टाकी तशीच सोडणे सर्वांत वाईट.

पाण्याने धुणे

खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनाचे शीतमार्ग गोड्या पाण्याने धुणे अनिवार्य आहे. यात क्रम महत्त्वाचा. सर्वसाधारणपणे जलस्कूटरचे इंजीन आधी सुरू करून मग नळ सोडतात आणि शेवटी आधी नळ बंद करून मग इंजीन थांबवतात. अन्यथा पाणी धुराड्याच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरू शकते. नौकेच्या मागे बसवलेल्या इंजिनाचा क्रम नेमका उलटा : आधी पाणी, मग इंजीन. हे काम मोकळ्या हवेतच करावे, कारण बंद छपरीत साचणारा धूर प्राणघातक ठरतो.

भोपाळचे पाणी गोडे असल्याने तेथे क्षाराचा त्रास नाही. पण गाळ आणि पाणवनस्पती शीतमार्गात अडकतात. पाणी गोठून इंजीन तडकण्याची थंड देशांतील भीतीही तेथे नाही.

वंगण

वापरलेल्या तेलात आम्ल व ओलावा साचलेला असतो. म्हणून तेल हंगाम सुरू होताना नव्हे, तर संपताना बदलावे. मागे बसवलेल्या इंजिनाचे गिअर तेल दुधाळ दिसल्यास पाणी आत शिरत आहे असे समजून सील बदलावे. त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये संरक्षक तेल फवारावे आणि इंजीन हाताने काही वेळा फिरवावे, म्हणजे आतील भिंतींवर गंजरोधक थर बसतो.

बॅटरी व आच्छादन

बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवावे. ती पूर्ण भारित करून कोरड्या जागी ठेवावी व दरमहा तपासावी. धुराड्याच्या व हवेच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून कापडी बोळे घालावेत, आणि त्यांची आठवण करून देणारी चिठ्ठी हँडलला बांधावी. ताडपत्री घट्ट आवळल्यास आत दमटपणा कोंडून बुरशी येते. हवा खेळती ठेवणारे आच्छादन हवे.

उरलेले तेल

या साऱ्या कामानंतर हाती उरते ते काळे तेल. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत ते येते, म्हणून झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियाकर्त्याकडेच सोपवावे. वाळूत किंवा गटारात ओतलेले तेल पहिल्याच सरीबरोबर खाडी, नदी वा विहिरीपर्यंत पोहोचते. भोपाळमध्ये हाच प्रश्न पिण्याच्या पाण्यापर्यंत आला आणि इंजिने थांबवण्याचा आदेश निघाला. गोव्यात ती चार महिन्यांनी पुन्हा सुरू होतात. त्या चार महिन्यांची सुरुवात तेलाचा डबा नीट झाकण्यापासून व्हावी.